दोन बिंदूंच्या मधलं कोण ठरवतं?

आपली ही व्याख्यानं नेमाने ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे की इथे आपण बहुधा ग्रंथांची समीक्षा करतो, क्वचित एखाद्या इमारतीची. आज समीक्षेला घेतलेली वस्तू फार छोटी आहे. ती आहे संगणकाच्या पडद्यावरची एक चौकट. ऱ्हायनो नावाचं एक त्रिमिती आरेखनाचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या आत ग्रासहॉपर नावाची एक व्यवस्था आहे. डेव्हिड रुटेन यांनी ती २००७ च्या सुमारास रचायला घेतली, आणि आज वास्तुकलेच्या अनेक महाविद्यालयांत ती शिकवली जाते. तिच्यात शेकडो छोट्या चौकटी असतात. एकीतून तार काढायची, दुसरीत घालायची. आकडा बदलला की आकार बदलतो. याला पॅरामेट्रिक आरेखन म्हणतात. त्यातली एक चौकट म्हणजे ‘सरफेस फ्रॉम पॉइंट्स’, बिंदूंपासून पृष्ठ. आज आपण तेवढीच बघणार आहोत.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं कुणाला वाटेल. उत्तर सोपं आहे. प्रत्येक अवजारात एक मत दडलेलं असतं. ते मत अवजार बोलून दाखवत नाही, आपल्याकडून करवून घेतं. ‘बिंदूंपासून पृष्ठ’ या दोन शब्दांत जगाबद्दल एक मोठा दावा केलेला आहे, आणि तो दावा, आमच्या मते, अर्धा खोटा आहे. तो अर्धा भाग कोणता, आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढंच आज तपासायचं.

आधी चौकट समजून घेऊ. तिला तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली, बिंदूंची यादी. दुसरी, एक पूर्ण संख्या. तिला ‘यू’ म्हणतात. तिसरी, हो किंवा नाही. एवढं दिलं की ती एक गुळगुळीत पृष्ठ काढून देते.

समजा आपल्याकडे बिंदूंची जाळी आहे, सहा रांगा, प्रत्येक रांगेत सहा बिंदू. एकूण छत्तीस. प्रत्येक बिंदूला आपण वेगळी उंची दिली. आता ही जाळी चौकटीला द्यायची. पण चौकटीला जाळी नको आहे, तिला यादी हवी आहे. एका दोरीत ओवलेले छत्तीस मणी. ग्रासहॉपरमध्ये जाळी तयार होते तेव्हा बहुधा रांगवार फांद्यांमध्ये असते. कोण कुठल्या रांगेतला हे त्या फांद्यांत नोंदलेलं असतं. ‘फ्लॅटन’ म्हणजे सपाट करा असा एक हुकूम आहे, तो दिला की फांद्या जातात आणि सगळे बिंदू एका ओळीत उभे राहतात. मग चौकट विचारते: एका दिशेला किती बिंदू आहेत? तो ‘यू’. आपण सहा सांगतो, आणि चौकट रांगा पुन्हा पाडून घेते.

काय झालं बघा. आपल्याजवळ जे ज्ञान होतं, कोण कुणाच्या शेजारी बसलंय, ते आपण आधी पुसून टाकलं. मग तेच ज्ञान एका आकड्याच्या रूपात तोंडी सांगितलं. यात काही वाईट नाही, गणिताच्या सोयीसाठी असं करावं लागतं. पण यातून एक गोष्ट उघडी पडते. शेजार हा बिंदूंमध्ये नसतो, तो आपण बाहेरून आणतो.

हे पटत नसेल तर पुढचा प्रयोग करा. तीच छत्तीस बिंदूंची यादी, तोच क्रम. फक्त सहाच्या ऐवजी चार लिहा. छत्तीसला चाराने भाग जातो, नऊ येतात. चौकट हूं की चूं करत नाही. ती निमूटपणे चार गुणिले नऊ अशी मांडणी करते आणि एक पृष्ठ काढून देते. आता पहिल्या रांगेच्या शेवटच्या बिंदूच्या शेजारी दुसऱ्या रांगेचा पहिला बिंदू येऊन बसला आहे. पृष्ठ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उड्या मारतं, स्वतःवरच दुमडतं, चुरगळलेल्या उपरण्यासारखं दिसतं. एकही बिंदू हललेला नाही. तरी वस्तू पार दुसरी झाली.

आणि आता पाच लिहा. छत्तीसला पाचाने भाग जात नाही. चौकट लाल होते, ही संख्या इतक्या बिंदूंना चालत नाही म्हणून सांगते. ही चूक विद्यार्थ्यांकडून वारंवार होते, कारण पृष्ठाचे पाच भाग पाडले की बिंदू सहा मिळतात. कुंपणाचं जसं असतं: पाच गाळे असतील तर खांब सहा लागतात. तर पाचावर यंत्र ओरडतं आणि चारावर गप्प बसतं. म्हणजे यंत्र काय तपासतं? भाग जातो की नाही, एवढंच. अर्थ लागतो की नाही हे ते तपासत नाही, आणि त्याने तपासावं अशी अपेक्षाही नाही. पण लाल रंग दिसला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी जी सवय हाताला लागते, ती तपासण्यासारखी आहे. व्याकरणशुद्ध वाक्य खरंच असतं असं नाही. आपण दर्शनशास्त्रात हे पहिल्या महिन्यात शिकवतो, नाही का?

आपल्याकडे ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी घातली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. जुन्या घरांतून ठिपक्यांचा कागद असे, उदबत्तीने भोकं पाडलेला. जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की ठिपके तयार. पण ठिपके म्हणजे रांगोळी असं कुणी म्हणत नसे. त्याच ठिपक्यांतून एकीने कमळ काढलं, दुसरीने कासव. कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडायचा, कुठे वळण घ्यायचं, कुठला ठिपका रिकामा सोडायचा, हे जिच्या हातात चिमूट होती तिने ठरवलेलं. आणि रांगोळी बिघडली तर ठिपक्यांना बोल लावायची सोय नव्हती.

हा झाला पहिला मुद्दा, शेजाराचा. दुसरा मुद्दा याहून खोल आहे. शेजार ठरला. हा बिंदू आणि तो बिंदू लगतचे आहेत हे मान्य. पण दोघांच्या मध्ये काय आहे?

इथे चौकटीची तिसरी जागा येते, हो किंवा नाहीची. ‘हो’ म्हटलं तर चौकट अंतर्वेशन करते, म्हणजे पृष्ठ प्रत्येक बिंदूतून जातं. ‘नाही’ म्हटलं तर तेच बिंदू नियंत्रणबिंदू होतात. मग पृष्ठ त्यांच्यातून जात नाही, त्यांच्याकडे ओढलं जातं. चार कोपरे तेवढे हाताशी लागतात, आतले बिंदू सगळे पृष्ठाबाहेर लोंबत राहतात. बघा, ‘बिंदूंपासून पृष्ठ’ हे नाव दोन्हींना एकच. पण एका अर्थी बिंदू पृष्ठावर आहेत, दुसऱ्या अर्थी बिंदू पृष्ठाला दुरून बांधलेले आहेत.

एक उदाहरण घेऊ. छत्तीसपैकी पस्तीस बिंदू जमिनीच्या पातळीवर, शून्यावर. मधला एकच बिंदू तीन मीटर उंच. ‘नाही’ म्हणा. येणारा उंचवटा तीन मीटरच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. आपण तीन सांगितलं आणि यंत्राने दीडपेक्षा कमी दिलं. आता ‘हो’ म्हणा. शिखर बरोबर तीन मीटरवर येतं. पण उंचवट्याच्या आजूबाजूला पृष्ठ शून्याच्या खाली जातं. आपण एकाही बिंदूला ऋण उंची दिली नव्हती. तरी मध्येच खळगे पडले. का? कारण गुळगुळीत राहण्याची अट पाळायची तर एवढी चढण चढण्याआधी थोडं खाली वाकावं लागतं, उडी मारण्याआधी माणूस गुडघे वाकवतो तसं. आता हे पृष्ठ म्हणजे छप्पर आहे असं समजा, आणि ते छप्पर महाबळेश्वरला आहे. त्या खळग्यांत आषाढात पाणी साचेल. छप्पर गळायला लागलं की विचारा: हा खळगा कुणी काढला? आरेखकाने काढला नाही, त्याची बिंदूंची यादी दाखवून तो शपथेवर सांगेल. सॉफ्टवेअरनेही काढला नाही, त्याने फक्त नियम पाळला. खळगा मात्र आहे, आणि त्याखाली राहणारा माणूसही आहे.

गणिती मंडळींना हे जुनं आहे. कार्ल रुंगे यांनी १९०१ साली दाखवून दिलं की सारख्या अंतरावरच्या बिंदूंतून एकच उच्च घाताची बहुपदी ओढली तर काही वक्रांच्या बाबतीत बिंदू वाढवले तशी चूक कमी व्हायच्या ऐवजी टोकांशी वाढत जाते. म्हणजे ‘माहिती वाढवली की सत्याच्या जवळ जातो’ हे प्रत्येक वेळी खरं नाही; मधलं भरण्याचा नियम कोणता, यावर ते अवलंबून आहे. आजची सॉफ्टवेअरं एकच मोठी बहुपदी न घेता छोटे छोटे तुकडे गुळगुळीत जोडतात ते याच जातीच्या अडचणी टाळण्यासाठी. या तुकड्यांच्या वक्राला ‘स्प्लाइन’ म्हणतात. शब्द जहाजबांधणीतला. लाकडाची लवचीक पट्टी घ्यायची, तिला ठिकठिकाणी वजनं ठेवून अडवायची, आणि ती आपणहून जो बाक घेईल तो कागदावर उतरवायचा. तिथेही वजनांच्या मधलं माणूस ठरवत नव्हता. पण लाकूड ठरवत होतं. लाकूड फार वाकवलं तर मोडत होतं, आणि मोडणं ही एक सूचना होती. पुढे पिएर बेझिए रेनॉ कंपनीत आणि पॉल द कास्तेलजो सित्रोएन कंपनीत, मोटारीच्या पत्र्यासाठी या बाकाचं गणित वेगवेगळे मांडत होते. गणित आलं, सोय झाली. गणित मोडत मात्र नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. लायब्निझ यांनी १६८६ साली तत्त्वमीमांसेवर एक छोटा प्रबंध लिहिला. त्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण आहे, ते आजच्या विषयासाठीच लिहिलंय असं वाटावं. ते म्हणतात, समजा कुणी कागदावर वाटेल तसे ठिपके मारले. तरी अशी एक रेषा सापडू शकते की जिचा नियम एकच आणि सुसंगत आहे, आणि जी ते सगळे ठिपके ज्या क्रमाने हाताने मारले त्याच क्रमाने घेत जाते. लायब्निझ यांना यातून ईश्वराबद्दल काही सांगायचं होतं: जग कसंही निर्माण केलं असतं तरी ते कुठल्यातरी नियमात बसलंच असतं. पण त्यातून निघणारी दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. कुठल्याही ठिपक्यांतून नियमबद्ध रेषा जात असेल, तर ‘यातून नियमबद्ध रेषा गेली’ या वाक्याने ठिपक्यांबद्दल काहीच सांगितलं जात नाही. प्रशंसा तर नाहीच नाही. लायब्निझ हे जाणून होते, म्हणून नुसत्या नियमावर ते थांबत नाहीत; नियम साधा असावा आणि त्यातून वैविध्य भरपूर यावं, अशी दुहेरी कसोटी ते लावतात.

गंमत अशी की लायब्निझ वास्तुकारांकडे पोहोचले ते जील दलझ यांच्यामार्फत. दलझ यांचं घडीवरचं पुस्तक १९८८ चं. ते इंग्रजीत १९९३ साली आलं, आणि त्याच वर्षी ग्रेग लिन यांनी वास्तुकलेतल्या घडीवर एका नियतकालिकाचा विशेषांक संपादित केला. पुढची दहा-पंधरा वर्षं घडी, सातत्य, प्रवाह हे शब्द वास्तुकलेच्या वर्गांतून वाहत होते. आमच्या मते त्या मंडळींनी लायब्निझ यांची घडी उचलली आणि कसोटी टेबलावरच विसरली.

अजून एक पाऊल मागे जाऊ. बिंदूंपासून पृष्ठ ‘बनतं’ का, हाच प्रश्न. ॲरिस्टॉटलने भौतिकीच्या सहाव्या खंडात साफ नकार दिलाय. सलग वस्तू अविभाज्य घटकांची बनू शकत नाही, कारण बिंदूला कड नाही, आणि कड नसलेल्या दोन गोष्टी एकमेकींना टेकणार कशा? आपल्याकडे हाच वाद परमाणूंवरून झाला. वैशेषिकांनी परमाणूंपासून द्व्यणुक, त्यांपासून त्र्यणुक अशी चढण बांधली. वसुबंधूंनी ‘विंशतिके’त विचारलं: एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू येऊन जोडले, तर त्याला सहा बाजू झाल्या, म्हणजे तो निरवयव राहिला नाही. आणि सहाही एकाच जागी मावले, तर सगळा गोळा एका परमाणूएवढाच राहिला. दोन्हीकडून कोंडी. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं असं की अवयवी हा अवयवांची नुसती बेरीज नव्हे; तो वेगळं द्रव्य आहे आणि समवायाने अवयवांत राहतो. वस्त्र म्हणजे तंतूंचा ढीग नाही.

हा वाद आज आपण सोडवणार नाही. पण चौकटीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिच्या आत जे साठवलेलं असतं ते नुसते बिंदू नसतातच. तिथे बिंदू असतात आणि त्यांना बांधणारा नियमही असतो: घात किती, तुकडे कुठे जोडायचे, कुठल्या बिंदूचं वजन किती. अवयव आणि समवाय दोन्ही. म्हणजे यंत्र वैशेषिकांच्या जवळचं आहे, आणि खोटं बोलतं ते नाव. ‘बिंदूंपासून पृष्ठ’ असं न म्हणता ‘बिंदू, मोजणी आणि नियम यांपासून पृष्ठ’ असं म्हणायला हवं होतं. तिन्हींपैकी बिंदू तेवढे आपण डोळ्यांनी बघत निवडतो. उरलेले दोन बहुतेक वेळा जसे आयते मिळाले तसे घेतो. आमची तक्रार या आयतेपणाबद्दल आहे.

आता इमारतींकडे वळू, कारण समीक्षा शेवटी दगडामातीपाशी यायला हवी. तीन उदाहरणं घेतो.

पहिलं सिडनीचं ऑपेरा हाउस. यॉर्न उत्झॉन यांनी १९५७ साली स्पर्धा जिंकली तेव्हा त्या शिडांना भूमितीच नव्हती, हाताने ओढलेले बाक होते. ते बांधायचे कसे यावर ओव्ह अरुप यांच्या अभियंत्यांनी काही वर्षं डोकेफोड केली. परवलय झालं, लंबवर्तुळ झालं. मग १९६१ साली उत्झॉन यांनी ठरवलं की सगळी शिडं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायची. गोलाची वक्रता सगळीकडे सारखी, म्हणून एकाच प्रकारच्या साच्यांतून पुन्हापुन्हा फासळ्या ओतता आल्या. इमारत १९७३ साली उघडली. वाद होऊन उत्झॉन १९६६ सालीच निघून गेले होते. पण मुद्दा असा, की मूळ रेषा बदलल्या. शिडं अधिक ताठ झाली, उभी झाली. नियम निवडला तेव्हा आकाराने त्याची किंमत मोजली, आणि ती सर्वांसमोर मोजली. मधलं कुणी ठरवलं, याचं उत्तर तिथे एका वाक्यात देता येतं.

दुसरं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या चौकावरचं काचेचं छप्पर, २००० सालचं. वास्तुकार फॉस्टर यांची संस्था, अभियंते ब्युरो हॅपोल्ड, आणि भूमिती क्रिस विल्यम्स यांची. बाहेर आयताकृती चौक, आत गोल वाचनालय, तेही नेमकं मध्यावर नाही. या दोघांना जोडणारं पृष्ठ हवं. विल्यम्स यांनी बिंदूंपासून सुरुवात केली नाही. त्यांनी आधी पृष्ठाचं सूत्र लिहिलं, असं की कडेला उंची जिथे जेवढी हवी तिथे तेवढीच येईल. मग त्या पृष्ठावर जाळी टाकली आणि जाळीच्या गाठी पृष्ठावरच सरकू दिल्या, ताण सगळीकडे समजुतीने वाटला जाईपर्यंत. काचा ३,३१२, सगळ्या त्रिकोणी. त्रिकोणी का? कारण तीन बिंदू नेहमीच एका सपाटीत असतात. तिपाई कधी डगमगत नाही, चार पायांचं टेबल डगमगतं. सपाट काच वाकड्या पृष्ठावर बसवायची तर तीन बिंदूंचाच भरवसा. आपल्या चौकटीच्या अगदी उलटा प्रवास आहे हा: पृष्ठ आधी, बिंदू नंतर. आणि म्हणून दोन गाठींच्या मध्ये काय आहे याचं उत्तर तयार आहे: सरळ पोलादी दांडी आणि सपाट काच. गुळगुळीतपणाचा आव नाही. सांधे दिसतात, आणि दिसावेत असेच आहेत.

तिसरं बाकूचं हैदर अलीयेव केंद्र, झाहा हदीद यांच्या संस्थेचं, २०१२ सालचं. चौकातली जमीनच उचलली जाते, दुमडते, भिंत होते, छप्पर होते आणि पुन्हा जमिनीला मिळते. देखणं आहे, यात शंका नाही. ज्यांना वक्ररेषांचं वावडं आहे अशा समीक्षकांत आम्ही नाही. पण विचारावं असं एक आहे. ते पृष्ठ स्वतःला तोलून धरत नाही. आत काँक्रीटची रचना आहे आणि पोलादी नळ्यांची त्रिमिती जाळी आहे. बाहेरचं कवच काचतंतूंनी बळकट केलेल्या काँक्रीटच्या आणि पॉलिएस्टरच्या तुकड्यांचं आहे. उभे आधार कवचाच्या पोटात घेतलेले आहेत, त्यामुळे आत खांब जाणवत नाहीत. म्हणजे सातत्य आहे ते कातडीला. आतमध्ये तुटक सरळ दांड्या काम करतात आणि बाहेरचा प्रवाह त्याचं श्रेय घेतो. सिडनीत आकाराने नियमापुढे मान तुकवली. इथे आकार जागचा हलला नाही, बाकी सगळं त्याच्या मागे धावलं.

या इमारतीला २०१४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचं वर्षातल्या सर्वोत्तम आरेखनाचं पारितोषिक मिळालं, तेव्हा अझरबैजानमधल्या मानवी हक्कांच्या स्थितीवरून टीकाही झाली. बाकूच्या मध्यवर्ती भागात घरं पाडून रहिवाशांना बेदखल केल्याबद्दल ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल २०१२ साली आलेला होता. तो अहवाल केवळ या इमारतीपुरता नव्हता, आणि त्याचं खापर एका सॉफ्टवेअरवर फोडणं तर हास्यास्पद होईल. पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध आहे. बिंदूला तीन आकडे असतात: किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती उंच. त्या जागी काल कुणाचं घर होतं, हा चौथा आकडा यादीत नसतो. आणि ‘जमीन अखंड वाहते आहे’ असं म्हणताना त्या जमिनीचे तुकडे, हद्दी, सातबारे कुठे गेले, हे विचारायची सवय हाताला राहत नाही. गुळगुळीत पृष्ठाचा हा गुण आहे की त्याच्यावर बोट कुठेच अडत नाही.

पॅट्रिक शूमाखर हे हदीद यांचे सहकारी. त्यांनी २००८ साली ‘पॅरामेट्रिसिझम’चा जाहीरनामा मांडला: आधुनिकतावादानंतरची ही नवी शैली आहे, ताठ आकार टाळा, नुसती पुनरावृत्ती टाळा, प्रत्येक गोष्ट मऊ ठेवा, प्रत्येक गोष्ट दुसरीशी जोडा. शूमाखर तत्त्वज्ञान गांभीर्याने वाचलेले गृहस्थ आहेत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला मजा येते. आमचा आक्षेप एवढाच. ‘प्रत्येक गोष्ट दुसरीशी जोडलेली असावी’ हे ऐकायला औदार्याचं वाटतं. पण जोडणी कोणत्या नियमाने, हे सांगितल्याशिवाय ते विधान पोकळ आहे. लायब्निझ यांचा ठिपक्यांचा दाखला आठवा. जोडता सगळंच येतं. पुनरावृत्ती टाळा म्हणणंही तसंच. सिडनीच्या फासळ्या पुनरावृत्तीमुळेच उभ्या राहिल्या.

व्याख्यानाआधी काही प्रश्न पाठवायला सांगितलं होतं, त्यातला एक वाचतो. वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: “सर, मग आम्ही ही चौकट वापरायची नाही का?”

जरूर वापरा, बेटा. आम्ही अवजारावर बहिष्कार घालायला सांगत नाही. पाटी-पेन्सिलीलाही तिची मतं होती. वापरताना तीन गोष्टी करून बघा. पहिली, ‘यू’चा आकडा मुद्दाम चुकवा, छत्तीसला चार द्या, आणि काय होतं ते डोळ्यांनी बघा; म्हणजे शेजार तुम्ही ठरवलाय हे लक्षात राहील. दुसरी, हो आणि नाही दोन्ही करून दोन पृष्ठं एकमेकांवर ठेवा. त्यांच्यातलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे तुम्ही न घेतलेल्या निर्णयाची जाडी आहे. तिसरी, कुठल्याही दोन बिंदूंच्या मध्ये एक ठिकाण बोटाने दाखवा आणि स्वतःला विचारा: इथली उंची एवढीच का? “सॉफ्टवेअरने तशी दिली” हे उत्तर आलं तर थांबा. “इथून पाणी उतरायचं आहे”, “इथे माणसाचं डोकं लागेल”, “एवढीच काच मिळते” असलं काही उत्तर आलं तर पुढे चला. परीक्षकांसमोर चित्र लावाल तेव्हा पृष्ठाचं कौतुक होईलच. पण कुणीतरी असंच मधल्या जागेवर बोट ठेवेल तेव्हा तुमच्याकडे कारण असू द्या.

आजचा वेळ संपत आला. पुढच्या वेळी अवयव-अवयवीचाच धागा पुढे नेऊ, पण इमारतीत नाही, कायद्यात: अनेक माणसांचा मिळून एक ‘समाज’ होतो तेव्हा त्या एकाला अपराधी ठरवता येतं का, हा प्रश्न घेऊ. तोवर प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.